चुगली न करणारा नकाशा

तुळशी,

फोन चार्जिंगला लावला आहे. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते, म्हणजे आज संध्याकाळी दुसरं काही बोलता येईल. धूळ पुसली, कव्हर सुटत होतं त्याला रबरबँड लावला. खिडकीत तू ठेवलास तिथेच आहे तो. हलवलेला नाही.

तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू हसलीस. "माज्यावर काय लिवायचं? मी काय पुढारी हाय?" मग म्हणालीस, लिवा, आता लपवायचं काय ऱ्हायलंय. तेवढी परवानगी मला पुरे आहे. सुचिताला मोठ्याने वाचायला सांग, आणि तिच्या सासूसमोर मधलंमधलं गाळू नको म्हणावं. गाळलं तर मला कळेल, कारण तू भलत्याच ठिकाणी 'व्हय' म्हणशील.

तुला माहीत असलेलंही मला लिहावं लागणार आहे. वाचणाऱ्यांना तू कोण हे ठाऊक नाही. तेव्हा थोडा वेळ तुझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलते. राग मानू नको.

*

मी नागावची. म्हणजे जन्माने नागावची, नोकरीने ठाण्याची. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि वाडीतल्या घरात परत आले. लग्न केलं नाही, त्याचं कारण विचारणारे आता कोणी उरले नाहीत, हा म्हातारपणाचा एक फायदा. पुण्याला भाचा आहे, ऋत्विक. त्याने मागे माझ्या फोनमध्ये एक व्यवस्था करायची म्हणून हट्ट धरला होता, की मी कुठे आहे ते त्याला पुण्यात बसून दिसावं. काळजी वाटते म्हणाला. मी म्हटलं, काळजी वाटत असेल तर फोन कर, बोल, ऐक. आणि मेले तर दोन दिवसांत वास येईलच, शेजारी कळवतील. तो दुखावला. मी काही माफी मागितली नाही.

हे आधी सांगते, कारण तुळशीच्या घरी नेमकी तीच व्यवस्था झालेली होती आणि तिला ती हवीही होती. माणसामाणसांत फरक असतो.

तुळशी आक्षीच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातली. पंचावन्नच्या आसपास. अंगाने सडपातळ, आवाज मात्र दोन माणसांचा. सकाळी आमच्या आळीत स्कूटी यायची, पुढे थर्माकोलचा डबा, मागे दुसरा डबा, मधे तुळशी, केसांत अबोलीचा गजरा. पूर्वी पाटी डोक्यावर घेऊन चालत यायची. मग किनाऱ्याला होमस्टे झाले, मुंबईकरांचे बंगले झाले, आणि गिऱ्हाईक "लोकेशन पाठवतो" म्हणू लागलं. तुळशीला लोकेशन म्हणजे काय हे निकेशने शिकवलं. निकेश तिचा मुलगा, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. त्याने आईला फोन घेऊन दिला, त्यातला नकाशा लावायला शिकवला, आणि जाता जाता दोघांचे ठिपके एकमेकांना जोडून दिले. ती कुठे आहे ते त्याला दिसायचं, तो कुठे आहे ते तिला.

तुळशीला त्या ठिपक्याचं केवढं अप्रूप. संध्याकाळी बोट सुटली की ती ओट्यावर बसून बघायची. ठिपका निळा, खाडीच्या तोंडातून बाहेर, मग आणखी बाहेर, आणि मग रेंज संपली की राखाडी होऊन एका जागी थिजायचा. पहाटे पुन्हा निळा झाला की चहाचं आधण टाकायचं. तिच्या सासूने, आईने, कोणी असं बघितलं नव्हतं. त्या नुसत्या वाट बघायच्या. "बाई, आमच्या सासूबाईंना ह्ये गावलं असतं तर म्हातारी हजार वर्सं जगली असती," असं ती मला म्हणाली होती.

या सासूबाई, नीराबाई, मेल्या तरी घरात त्यांचाच कायदा चालायचा. त्यातलं एक कलम असं, की घरचा पुरुष दर्यात असेपर्यंत घरच्या बाईने होडीत पाय ठेवायचा नाही. खाडी ओलांडायच्या तरीतसुद्धा नाही. पाणी एक आहे, एकाच घरातली दोन माणसं त्याच्यावर एका वेळी ठेवू नयेत. सगळ्या कोळीवाड्याचा हा नियम नव्हता, शेजारच्या बायका खुशाल लाँचीत बसून बाजाराला जायच्या. नीराबाईंच्या घरचा होता. मी त्यावर तुळशीशी पुष्कळ वाद घातला. ती ऐकून घ्यायची आणि पापलेटाचे कल्ले उघडून दाखवायची.

आता सुचिताचं. तुळशीची थोरली. तिचा साखरपुडा त्यांच्याच वाड्यातल्या एका बोटमालकाच्या मुलाशी झाला होता, आणि तुळशीचा नवरा भागोजी त्याच मालकाच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. सुचिताने लग्न केलं गणराजशी. उरणकडचा आगरी मुलगा, बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. जात आगरी की कोळी यावरून जितकं झालं नसतं तितकं मोडलेल्या साखरपुड्यावरून झालं. मालकाने भागोजीला बोटीवरून उतरवलं. वीस पावसाळे सुकाणू धरलेला माणूस किनाऱ्यावर दुसऱ्यांची जाळी विणत बसला, दोन वर्षांनी अंगावरून वारं गेलं, आणि गेला. मरेपर्यंत त्याने मुलीचं नाव घेतलं नाही. तो गेल्यावर निकेशने घेऊ दिलं नाही. आईला त्याने एकदाच सांगितलं: "तिच्या दारात गेलीस तर माजी बोट किनाऱ्याला लागंल, पर मी घरी येनार न्हाय."

तुळशीला दोनच मुलं. एक खाडीपलीकडे, एक दर्यात.

रेवस धक्क्याच्या अलीकडे एका बंगल्यात ती आठवड्यातून एकदा संध्याकाळी मासे पोचवायला जायची. तिथून धक्का जवळ. मासे दिले की धक्क्यावर जाऊन उभी राहायची. रेवसवरून समोर करंजा दिसतं, द्रोणागिरीचा डोंगर दिसतो, लाँच इकडून सुटलेली तिकडे लागताना दिसते. चहा प्यायला लागेल तेवढाच वेळ. समोरच्या बाजूला आत कुठेतरी सुचिताचं सासर. घर दिसायचं नाही, उगीच कशाला खोटं लिहू. पण दिवे लागलेले दिसायचे, आणि तुळशी त्यांतला एक दिवा स्वतःच धरून चालायची.

हे तिने मला सांगितलं नव्हतं. फोनने निकेशला सांगितलं. त्या नकाशात टाइमलाइन म्हणून एक भानगड असते. कुठे गेलात, किती वेळ थांबलात, सगळं मांडून ठेवलेलं. निकेश एकदा आईच्या फोनवर कसलातरी पत्ता शोधत होता, त्याला ते दिसलं. म्हणाला, रेवस धक्क्यावर एवढा वेळ काय करतेस, दर आठवड्याला? कोनाला भेटतेस? तुळशी म्हणाली, कोनाला न्हाय. खरंच होतं ते. पण त्या दिवसापासून तिचं धक्क्यावर उभं राहणं संपलं. उभी राहिली तरी फोनकडे बघत राहायची, आणि मग समोरचं दिसायचं नाही.

मग चैत्रात सुचिताला मुलगी झाली. गणराजच्या आईने, त्या बाईचं मला कौतुक वाटतं, निरोप धाडला. बारशाला या, मुलीला पाळण्यात घालायला आईकडचं माणूस हवं. ऐकल्या दिवशी तुळशी माझ्याकडे आली ती मासे न घेता. ओट्यावर बसली, पदराने फोन पुसला आणि विचारलं:

"बाई, चुगली न करनारा नकाशा असतो काय?"

*

मी अशा प्रश्नांना सोडत नाही. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. चष्मा दोनदा हरवला, वरण एकदा करपलं.

आधी तिला विचारलं, नकाशा हवाच कशाला? रेवसला जा, लाँचीत बस, पलीकडे उतर. ती म्हणाली, "कवा?" मग माझ्या लक्षात आलं. निकेश घरी असेल तर ती निघू शकत नाही. निकेश दर्यात असेल तर लाँचीत बसू शकत नाही. राहिला रस्ता. कार्लेखिंड, पोयनाड, धरमतरचा पूल, वडखळ, पेण आणि तिथून उरणच्या वाटेला, सगळी खाडी वळसा घालून, ट्रेलरांच्या गर्दीतून, स्कूटीवर. तो रस्ता तिने कधी पाहिलेला नव्हता. पुलावरूनही पाणीच ओलांडणार ना, असं मी म्हटलं. ती म्हणाली, पूल जमिनीचा, होडी पान्याची. नीराबाईंच्या कायद्यात पुलाचं कलम नव्हतं, कारण त्यांच्या तरुणपणी पूलच नव्हता.

तर नकाशे. पहिला तिच्या फोनमधलाच, सगळ्यांच्या फोनमध्ये असतो तो. हुशार. कुठे गाड्या अडकल्यात ते सांगतो, दुसरी वाट काढून देतो. पण हे त्याला कळतं कसं? सगळ्यांच्या फोनांवर डोळा ठेवून. तुम्ही त्याला वाट विचारता आणि तो तुम्हाला लिहून ठेवतो. टाइमलाइन बंद करता येते. मी बंद केली, जुनी पुसलीही. पण निकेशने जोडलेला ठिपका वेगळा. तो बंद केला की निकेशच्या लगेच लक्षात आलं असतं, आणि मग प्रश्न.

दुसरा देशी होता. मराठी इतकं छान बोलायचा, की मला आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकांची आठवण झाली. "पुढे उजवीकडे वळावे." पण घरात शिरण्याआधीच मोबाइल नंबर द्या, नाव द्या, फोनमधली सगळी नावं बघू द्या, आणि ठिकाण नेहमी बघू द्या, तुम्ही मला वापरत नसाल तेव्हाही. मी मोठ्याने म्हटलं, का रे बाबा, मी झोपलेली असताना तुला काय करायचंय? तुळशी पोट धरून हसली. एवढी कागदपत्रं तर आमच्या पतपेढीतही मागत नाहीत. त्याला काढून टाकला.

तिसरा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सुचवला. कुठल्या एका कंपनीचा नव्हे, हौशी लोकांनी मिळून काढलेला नकाशा. कोणीतरी आपली गल्ली आखतो, कोणी विहीर, कोणी देऊळ. एकदा जिल्हा उतरवून घेतला की नेटसुद्धा लागत नाही. नाव विचारत नाही, नंबर विचारत नाही. कुठे गेलात ते तुमच्या फोनातच राहतं आणि नको असेल तर तिथेही राहत नाही. मला तो बघताक्षणी आवडला. मीही तशीच आहे.

पण वापरून बघायला हवा. आम्ही दोघी स्कूटीवरून चौलला गेलो. मी मागे, हातात फोन, आणि मांडीवर थर्माकोलचा डबा, कारण तुळशी रिकामी कुठे जात नाही. तिसऱ्या नकाशाने अर्धी वाट व्यवस्थित नेलं आणि मग बायकी आवाजात, भावना बिलकूल नाही, डावीकडे वळायला सांगितलं. डावीकडे सुपारीची वाडी होती. कुंपण होतं. कुंपणाच्या आत एक गृहस्थ उघड्या अंगाने झाडांना पाणी सोडत होते. पाच-सहा वर्षांपूर्वी इथून वाट होती म्हणाले, मग वाटण्या झाल्या. त्यांनी तुळशीकडून मांदेली मात्र घेतली.

परत येताना मी तिला सरळ सांगितलं. ज्याला सगळं कळतं तो सगळं सांगतो. जो सांगत नाही त्याला थोडं कमी कळतं. तुला काय हवं? ती म्हणाली, कमी कळनारा द्या.

स्कूटी बाजूला घेऊन तिने माझ्या हातातला फोन मागून घेतला, बोटाने नकाशा वर सरकवला आणि रेवस आणि करंजाच्या मधल्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. पहिल्या नकाशात तिथे लाँचीची तुटक रेघ होती. यात काही नव्हतं. नुसतं पाणी. "हितं तर वाटच न्हाय दावली," ती म्हणाली. मी म्हटलं, कोणी काढली नसेल अजून. आपल्याला काढता येते. फोन चालू ठेवून लाँचीतून जायचं, तो रेघ धरतो, मग घरी येऊन ती नकाशात घालायची. ती खूश झाली. बारसं होऊन जाऊ दे, निकेश किनाऱ्याला असेल असा एखादा दिवस धरू आणि दोघी जाऊन ती रेघ मारून येऊ, असं ठरलं. लाँचीच्या वाटेला जायला तिला तेवढं निमित्त पुरलं असतं. नकाशाचं काम आहे, बाईंनी नेलं.

*

बारशाच्या दिवशी ती उजाडता उजाडता माझ्याकडे आली. निकेश आदल्या संध्याकाळी दर्यात गेलेला. डब्यात बर्फावर मुशी होती, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ती, आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं. बेत माझा होता. तिने आपला फोन माझ्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे ठिपका नागावात, बाईंकडे. माझा जुना फोन तिने न्यायचा, त्यात तिसरा नकाशा. निकेशने बघितलं तर आई बाईंच्या घरी आहे. बाईंच्या घरी ती नेहमीच असते.

ती गेली. मी चहा घेतला, पेपर वाचला, तिचा फोन उगीच दोनदा बघितला. निकेशचा ठिपका राखाडी.

तिचा फोन आला तो कार्लेखिंडीतून. पुढे सगळं ठप्प, ट्रेलरांची रांग खिंडीपर्यंत आलेली, दुपारशिवाय सुटणार नाही असं एसटीचा ड्रायव्हर सांगतोय. आपल्या नकाशाला याचा पत्ताच नव्हता, तो सरळ जा म्हणून सांगत होता. पहिल्या नकाशाने घरातून निघतानाच सांगितलं असतं. मी शिव्या घालायला सुरुवात केली, पण तुळशीला शिव्या ऐकायला वेळ नव्हता. बर्फ वितळत होता. खिंडीतूनच रेवसचा रस्ता फुटतो. ती म्हणाली, मी रेवसला जाते.

मी म्हटलं, जा आणि बस लाँचीत. नीराबाईंना मी बघून घेते.

ती रेवसला पोचली आणि तिथून पुन्हा फोन केला. लाँच धक्क्याला लागलेली होती, मला मागे इंजिन ऐकू येत होतं. तिने एवढंच विचारलं, "ठिपका?"

राखाडी, मी म्हटलं.

ती लाँच तिने सोडली. पुढचीही सोडली. मी खिडकीत खुर्ची ओढून बसले, तिचा फोन समोर, माझा कानाला. माझ्यासारख्या बाईने असं बसावं याची मला तेव्हाही कमाल वाटत होती, आणि तरी मी उठले नाही. मग ठिपका निळा झाला. मी ओरडलेच. आला गं, रेंजमध्ये आला, बस आता. ती म्हणाली, कुठे हाय? मी म्हटलं, खाडीच्या तोंडाबाहेर, एका जागी उभा आहे. "व्हय, वहोटी हाय. भरती लागल्याबिगार बोट आत यायची न्हाय. ऱ्हावा."

मग आम्ही राहिलो. ती तिकडे धक्क्यावर डब्याला पदराची सावली करून, मी इकडे. करंजा समोर दिसतंय गं, मी म्हणत होते, पाळण्याची वेळ टळेल. ती म्हणाली, बाई, त्याचा पाय वाळूला लागू द्या.  ज्या मुलाने तिला लेकीच्या दारात जायला बंदी केली, त्याच्यासाठी ती लेकीच्या दारापासून एवढ्याशा पाण्यावर लाँची सोडत होती.

भरती लागली. ठिपका हलला, आत सरकला, वळणावरून येऊन बंदरात थांबला. लागली, मी म्हटलं.  मग ती म्हणाली, "बाई, निकेशचा लंबर सांगा."

कशाला, मी विचारलं. इतकी खटपट केली ती कशासाठी? त्याला काही दिसणार नाही, काही कळणार नाही, संध्याकाळी परत ये.

तुळशी म्हणाली, "नकाशानं सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. मी सांगितलं तर त्ये सांगनं झालं."

मी नंबर सांगितला.

त्यांचं काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं. फारसं नव्हतंच. निकेशने विचारलं, कोनाच्या फोनवरनं बोलतेस? तुजा ठिपका तर बाईंकडं हाय. ती म्हणाली, ठिपका तिथं हाय, मी हितं हाय. सुचिताच्या पोरीचं बारसं हाय, मी लाँचीत बसते. त्याने फोन ठेवला. ती बसली.

इकडे माझ्या डोळ्यांसमोर निळा ठिपका नाहीसा झाला. राखाडीसुद्धा नाही. नाव राहिलं आणि खाली एक ओळ, की ही व्यक्ती आता ठिकाण दाखवत नाही.

पाळण्याला ती वेळेवर पोचली. मुलीचं नाव आरोही ठेवलं. मुशी चांगली निघाली.

*

संध्याकाळी ती परतली तेव्हा घराला कुलूप होतं आणि चावी शेजारच्या सदूकडे. निकेश कपडे घेऊन गेला होता. खाली दक्षिणेला कुठल्याशा बंदरात बोटीवर काम धरलं, एवढंच सदूला ठाऊक. शब्दाचा पक्का, बापासारखा. तुळशी पुढचा महिनाभर आमच्या आळीत येत राहिली, तशीच गजरा घालून, तशीच ओरडत. मग मासेमारी बंद झाली, पाऊस आला, आणि गणराजची आई स्वतः येऊन तिला घेऊन गेली. आता ती उरणच्या बाजारात बसते. आरोही तिच्या मागे टोपलीत झोपते म्हणे, माशांच्या वासात.

जाताना ती फोन माझ्याकडेच ठेवून गेली. माझा जुना घेऊन गेली. मी म्हटलं, हा काय वेडेपणा? तुझा ठिपका त्याला अजून दिसतो, आपला त्याने बंद केला तरी. तुझ्याजवळ असलेला बरा. ती म्हणाली, तिकडं नेला तर तो बघायचं बी बंद करंल. तुमच्या हितं हाय तोवर बगतो तरी.

बघतो कशावरून, मी म्हटलं. तिने फोन पदराने पुसून खिडकीत ठेवला.

तेव्हापासून मी तो फोन सांभाळते. भाच्याला स्वतःचा ठिपका न देणारी मी, दुसऱ्याच्या ठिपक्याला रोज चार्ज करते. ऋत्विकला हे सांगितलेलं नाही. आणि रोज दिवेलागणीला तुळशीचा फोन येतो. त्याचा फोन आला का? नाही. ठेवलाय ना चार्जिंगला? ठेवलाय. मग बाजारातलं, आरोहीचं, माझ्या गुडघ्याचं.

नारळी पौर्णिमेनंतर एका दुपारी तो फोन वाजला. नाव निकेश. मी उचलला. वाऱ्याचा आवाज होता, बोटी दर्यात जायच्या तयारीचा गलका होता. तो म्हणाला, आई हाय? मी म्हटलं, नाही रे, पलीकडे आहे.   मग त्याने विचारलं:

"त्या दिवशी लाँचीत बसली तवा माजी बोट लागली होती का?"

मी सांगितलं. लाँची सोडल्या ते, भरतीपर्यंत थांबली ते, वाळूला पाय लागू द्या म्हणाली ते. प्राध्यापकासारखं, एकामागून एक, काही न गाळता. तो म्हणाला, "बरं." आणि मग, "तो फोन तिला देऊन टाका." ठेवला.

*

आता पुन्हा तुझ्याकडे वळते, तुळशी.

हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं, शब्दन्शब्द. तू दोनदा म्हणायला लावलंस. मग नाक शिंकरून म्हणालीस, तुम्हीच घेऊन या फोन, लाँचीनं. आरोहीला बगा, जेवून जा. आणि येताना नकाशा चालू ठिवा, ती रेघ मारून टाकू. मी म्हटलं, येते. गुरुवारी येते.

त्या गुरुवारी पाऊस होता. नंतर माझा गुडघा होता. नंतर तुझ्या बाजाराचा दिवस होता, तूच म्हणालीस पुढच्या आठवड्यात या. नंतर पितृपक्ष. दसऱ्यानंतर नक्की, असं आपण दोघींनी ठरवलं, आणि दसरा झाला.

पिशवी भरून ठेवली आहे. चार्जर, आरोहीसाठी झबलं, वाडीतले दोन नारळ. नारळ एकदा बदलावे लागले. लाँचीच्या वेळा सदूने लिहून आणून दिल्या आहेत. गुडघा आता बरा आहे, खोटं कशाला सांगू.

पण फोन एकदा तुझ्या हातात पडला की दिवेलागणीला तू मला काय विचारणार?

काल तू तरी कुठे विचारलंस, कधी येताय म्हणून? ठेवलाय ना चार्जिंगला, एवढंच विचारलंस. मी ठेवलाय म्हटलं. मग तू आरोहीच्या दाताचं सांगत बसलीस आणि मी तो तिसरा नकाशा उघडून ऐकत होते. रेवस आहे, करंजा आहे. आपल्या चौलच्या सुपारीच्या वाडीत कोणीतरी आता कुंपण आखून ठेवलंय, एवढी सुधारणा. मधला पट्टा अजून निळाच आहे, कोणी रेघ मारलेली नाही.